मामांचा पाऊस : आमच्या कॉलेजच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळातले सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. सांगली-सातारा पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. आपण जे ठरवलंत ते आणखी काहींनी ठरवलं असेल, काही ठरवायच्या बेतात असतील. पत्र आपल्याला आहे हे आपल्याला पुढच्या चार ओळींत कळेलच. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून ते उघड लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नोटिशीचा फोटो आला. सिव्हिल शाखेचा प्रवेश यंदापासून बंद. हायड्रॉलिक्स लॅबचा हॉल रिकामा करून तिथं नवीन कॉम्प्युटर सेंटर. लॅबमधलं ‘निरुपयोगी साहित्य’ विकायला भंगारवाल्यांकडून दरपत्रकं मागवली आहेत. ग्रुपवर दोन-चार रडके चेहरे पडले, एकानं फ्ल्यूमजवळ, म्हणजे पाणी सोडून प्रयोग करायच्या लांब काचेच्या पाटाजवळ, उभं राहून काढलेला जुना फोटो टाकला आणि संध्याकाळपर्यंत गप्पा आयपीएलवर गेल्या. मीही गप्प बसले असते. पण रात्री मामांचा फोन आला.

मामा म्हणजे हायड्रॉलिक्स लॅबचे असिस्टंट. २०२२ ला निवृत्त झाले. तुमच्या हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं असेल, आमच्या पंचवीस-तीस बॅचना ते मामाच. म्हणाले, “अगं, लॅबच्या मागचा पाऊस काढला. पेव्हर ब्लॉक टाकायलेत, गाड्या लावायला. पाऊस जिन्याखाली उलटा करून ठेवलाय.”

मामा पर्जन्यमापकाला पर्जन्यमापक कधीच म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडी तो ‘पाऊस’च. पाऊस धुतला, पावसाला रंग दिला, पावसाजवळ कुत्री येऊ देऊ नका. हे नोटिशीत नव्हतं. बहुधा ते नोटीस काढण्याजोगं कुणाला वाटलंच नसेल. या पत्राचं कारण मात्र तेच आहे.

मी कोण, हे थोडक्यात सांगते. २०१२ ची सिव्हिलची बॅच. गेली बारा-तेरा वर्षं पाणी आणि हवामान या विषयात संशोधन करते. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात पाऊस कसा बदलतोय आणि त्यामुळे पुराचे जुने हिशेब कुठं तोकडे पडतात, हे बघणं हे माझं काम. सिव्हिल मी मागून घेतलं नव्हतं, हे कबूल करून टाकते. प्रवेशाच्या कॅप राउंडला पहिल्या पसंतीत कॉम्प्युटर भरलं होतं, ते थोडक्यात हुकलं. आई दोन दिवस धड बोलली नाही. पोरगी आता उन्हातान्हात खडी-सिमेंट मोजत फिरणार, असं तिच्या डोळ्यांपुढं आलं असावं. तेव्हा “मुलांना सिव्हिल नको असतं” हे आपण मला सांगायची गरज नाही. मलाही नको होतं.

पण पाण्याशी ओळख त्याआधीची. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या अगदी काठाला. आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या पाणीपुरवठा संस्थेच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर, ऑपरेटर होते. नदी वाढायला लागली की काठावर एकच धांदल उडते ती मोटारी काढायची. लवकर काढाव्यात तर क्रेनचा आणि माणसांचा खर्च फुकट जातो, उशीर करावा तर मोटार पाण्याखाली आणि वायंडिंगचं बिल संस्थेच्या डोक्यावर. २००५ च्या पुरात मी शाळेत होते. आबांनी पाण्याच्या कडेला एक तुराटी रोवली आणि मला तिथं बसवलं. “ही बुडली की हातभर वर दुसरी रोव, आणि किती वाजता बुडली ते लिहून ठेव.” इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर मी वेळा लिहिल्या. दुपारी दोन तुराट्यांमध्ये तास-सव्वा तास जायचा. अंधार पडायच्या वेळेला वीस मिनिटं. ती वही बघून आबांनी मोटारी काढायला लावल्या आणि आम्हाला माळावरच्या शाळेत पाठवून दिलं. पुढं कॉलेजात पातळीवरून विसर्ग काढायचा रेटिंग कर्व्ह आणि वेळेबरोबर नदी कशी चढते-उतरते ते दाखवणारा हायड्रोग्राफ शिकवायला लागले तेव्हा वर्गात एकटी मीच हसत होते.

आता तक्रारी. एकेक करून मांडते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली पावसाची, कारण तीच सगळ्यात जड आहे.

आपल्या कॉलेजच्या आवारात १९८८ पासून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजला जातो. साडेआठच का? तर भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात. मामा जवळच्या वस्तीवरून सायकलवर यायचे. नरसाळं उचलायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचे आणि लांबट रजिस्टरात लिहायचे. दिवाळीलाही, गुढीपाडव्यालाही, संपाच्या दिवशीही. एप्रिल-मे महिन्यांची पानं बघा. खालपर्यंत ०.०, ०.०, ०.०. प्रत्येक शून्य सुटं, त्या त्या दिवशीच्या पेनाचं. मी एकदा विचारलं होतं, “मामा, उन्हाळ्यात एकदम महिन्याचं लिहून टाकलं तर काय होतंय?” ते म्हणाले, “आणि मधी वळीव झाला तर?”

पीएचडीच्या वेळी मला या भागातल्या रोजच्या पावसाच्या सलग नोंदी हव्या होत्या. सलग म्हणजे खरोखर सलग. मिळतात त्या नोंदींत भोकं असतात. माणूस रजेवर गेला, पद रिकामं राहिलं, यंत्र फुटलं, आणि दोन-दोन महिने रकाने कोरे. शेवटी मामांची रजिस्टरं आठवली. आठ दिवस आपल्याच लायब्ररीत बसून मी ती कॉम्प्युटरवर चढवली. शेऱ्याच्या रकान्यात मामांनी जे लिहून ठेवलंय ते मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळालं नसतं. ‘बाटली भरून बाहेर सांडलं, डब्यातलं धरून मोजलं.’ ‘नरसाळ्यात पाला, कमी असावा.’ २००५ च्या जुलैअखेरीचं पान शाई फुटून निळं झालंय, पण आकडे वाचता येतात. नंतरच्या एका भेटीत २०१९ च्या ऑगस्टचं पान बघितलं. त्यात एका ओळीपुढं लिहिलंय, ‘रस्ता बंद, शेतातून आलो, वाचन १०.१५ ला.’ पावणेदोन तास उशीर झाला हे त्या माणसानं लपवलं नाही. संशोधन करणाऱ्याला याहून मोलाची ओळ नसते, कारण त्या दिवशीचा आकडा कसा वापरायचा ते त्यावरून कळतं.

आणि आता दुसरं पान. मामा निवृत्त झाल्यावर ते काम कुणालाच दिलं नाही. महिनेच्या महिने रकाने कोरे राहिले. नंतर कुठलीशी समिती कॉलेज बघायला येणार होती, तेव्हा त्या कोऱ्या रकान्यांत कुणीतरी एका बैठकीत, एका पेनानं, एका तिरकसपणानं शून्यं भरून टाकली. पावसाळ्यातले महिनेसुद्धा शून्य! मी ते पान हातात घेऊन बराच वेळ बसले होते. कोरा रकाना म्हणजे ‘आम्ही मोजलं नाही’. शून्य म्हणजे ‘आम्ही मोजलं, पाऊस नव्हता’. हा फरक पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवावा लागतो, कारण कॉम्प्युटरला तो आपोआप कळत नाही. उद्या कुणी हा सगळा आकड्यांचा ढीग एखाद्या मॉडेलमध्ये ओतला तर ते मॉडेल खुशाल सांगेल की त्या वर्षी इथं दुष्काळ पडला होता. पुढच्या जूनपासून मामा आपणहून परत यायला लागले, बिनपगारी. तेव्हापासून आकडे पुन्हा खरे आहेत. म्हणजे एकंदरीत पस्तीसएक वर्षांचा संग्रह आणि मधे एक खोटं वर्ष. ते खोटं वर्ष खोडता येतं, तेवढं त्याचं काही नाही. पण यंदाचा मृग पेव्हर ब्लॉकवर पडला तर ती नोंद परत कुठून आणायची?

हवामानाची सरासरी साधारण ३० वर्षांवर काढतात. इतक्या वर्षांचा रोजचा पाऊस आपल्या दारात फुकटात जमलाय. हवामान बदलतंय का, याचं उत्तर असल्याच वह्यांतून निघतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. तो निष्कर्ष जगभर गाजला. त्याच्या बुडाशी काय आहे? गावोगावी नरसाळं उचलून बाटली मोजणारी माणसं.

दुसरी तक्रार लॅबची. ‘निरुपयोगी साहित्य’ या शब्दाबद्दल थोडं बोलायचंय.

तो काचेच्या भिंतींचा लांबलचक फ्ल्यूम आठवतो का कुणाला? मला वाटतं, उद्घाटनानंतर मंडळातलं कुणी तिकडं फिरकलं नसेल. (राग मानू नका, लॅबच्या भेटवहीत सह्या नाहीत म्हणून म्हणते.) पंप सुरू केला की पाणी दरवाज्याखालून पातळ, सपाट, सुसाट निघायचं आणि पुढं एका जागी एकदम उसळून उभं राहायचं. हायड्रॉलिक जंप. धरणाच्या सांडव्याखाली पाण्याचा जोर मोडतात तो असाच. पुस्तकात त्याची आकृती असते, समीकरण असतं. मामांनी एक दिवस खिशातून थर्माकोलचा तुकडा काढून त्या उसळीत टाकला. तुकडा पुढं जाईना. वर यायचा, मागं ओढला जायचा, खाली दडपला जायचा, परत वर. मामा म्हणाले, “बंधाऱ्याखाली पोहायला गेलेलं पोर परत का येत नाही, कळलं का?” वर्गात कुणी बोललं नाही. आमच्या गावच्या बंधाऱ्याखाली असा एक पोहणारा मुलगा गेला होता, पट्टीचा पोहणारा. त्या दिवसापर्यंत मी त्याला नशीब समजत होते.

आपण म्हणाल, आता व्हर्च्युअल लॅब आहे, सगळे प्रयोग स्क्रीनवर होतात. मी दिवसभर स्क्रीनवरच असते. पुराची मॉडेलं चालवून पोट भरते, त्यामुळे कॉम्प्युटरशी माझं वैर नाही. पण स्क्रीनवरचं पाणी आपण जे समीकरण घालू तेवढंच वागतं. फ्ल्यूममधलं पाणी गळतं, हिंदकळतं, पंपाचा दाब कमी-जास्त झाला की वाचन हलतं. मग आपल्याला ठरवावं लागतं की यातलं खरं कुठलं धरायचं. व्ही-नॉचवर, म्हणजे विसर्ग मोजायच्या V आकाराच्या खाचेवर, पाण्याची उंची दुप्पट झाली की विसर्ग दुप्पट होत नाही, साडेपाचपटीच्याही वर जातो. वाचताना दोन मिलिमीटरची चूक केली की उत्तर कुठल्या कुठं जातं. हे हातानं चुकल्याशिवाय अंगात मुरत नाही. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचं आहे. त्यांच्याकडे काय कॉम्प्युटर नाहीत? तरीही ते आजदेखील सांडव्यांच्या प्रतिकृती बांधून, त्यातून खरं पाणी सोडून बघतात.

याच्याच पोटात आणखी एक. गेली काही वर्षं सिव्हिलचे बरेचसे विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चाललेत, प्रवाहाचा वेग मोजणारा करंट मीटर घेऊन नदीवर जाणं बंद झालंय आणि जर्नलं मागच्या वर्षीची बघून उतरवली जातात. लॅब निरुपयोगी कशी झाली, याचं उत्तर यात आहे. जास्त लिहीत नाही.

तिसरी तक्रार प्रवेश बंद करण्याची. इथं मी आपली बाजूही मांडते, कारण ती खोटी नाही. सिव्हिलच्या जागा भरत नाहीत. माझा पहिला पगार साइटवर महिना नऊ हजार होता. त्याच वर्षी कॉम्प्युटरच्या मैत्रिणीला त्याच्या तिप्पट मिळाला. संशोधनातही सुख आहे असं कुणी समजू नये. एम.टेक., पीएचडी करून मी आजही प्रोजेक्टच्या करारावर आहे. दर मार्चला एक्स्टेन्शनची वाट बघते, आणि लग्नकार्यात कुणी विचारलं की आई “पाण्याच्या खात्यात आहे” असं ठोकून देते. नफ्या-तोट्याचा हिशेब मलाही कळतो.

पण हे कॉलेज कुठं आहे तेही बघा. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. ते याच सांगलीचे, आणि त्या वाटेनंच आपलं कॉलेज उभं राहिलं. आपल्या भोवती पाण्याचे सगळे प्रश्न एका जागी जमलेत. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडला पाचशेच्या आत-बाहेर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ ला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर होती, जिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका धरतात. सांगली पाण्यात आणि पूर्वेला जतकडं टँकर चालू, हे एकाच महिन्यात आपण पाहिलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, त्याबद्दल लिहायला माझा हात अजून धजत नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस किलोमीटरवर ५९ कोटी लिटरच्या वर पाणी, एका दिवसात. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी उपसून चढावर न्यायचं, पाटाऐवजी बंद पाइपनं शेतात पोचवायचं, हे कोण करणार? कोयनेतून एक लाख क्युसेक एक दिवस सोडलं तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली येतं. ते कराडला केव्हा पोचेल, आमच्या काठाला केव्हा, धरणाखाली पडलेला पाऊस त्यात किती भर घालेल, हे कोण सांगणार? खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्यावरून दर वर्षी आपल्याकडं मोर्चे निघतात, आपल्यातले काहीजण त्यात पुढं असतात, आणि ते योग्यच आहे. पण पाणीतंट्याच्या लवादापुढं कागद मागतात. धरणामुळे पाणी मागं तुंबून आपल्याकडं फुगवटा येतो की नाही हे पाण्याच्या पातळ्यांच्या आणि पावसाच्या नोंदींवरून ठरतं. त्या नोंदी ठेवणारी पोरं तयार करायची जागा मात्र आपण पार्किंगला दिली.

पूररेषांचंच घ्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. लोकांना वाटतं, निळ्या रेषेवर एकदा पाणी आलं की पुढची २५ वर्षं निवांत. हिशेब तसा नाही. त्या रेषेवर घर बांधून २० वर्षांचं कर्ज काढलं तर कर्ज फिटायच्या आत एकदा तरी पाणी घरात शिरायची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, शंभरात ५६. आणि हाही हिशेब पाऊस पूर्वीसारखाच पडतो असं धरून. सांगलीनं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर १७ वर्षांत बघितलेत. रेषा नव्यानं मांडायची वेळ आलीय, आणि त्यासाठी माणसं इथलीच लागतील.

इथलीच का, तेही सांगते. २०१९ ला मी पुण्यात स्क्रीनवर निळा रंग पसरताना बघत होते आणि आमचं घर त्या निळ्याच्या आत होतं. पाणी उतरल्यावर आले. आपल्या कॉलेजमधून ऑटो लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टी, मागून घेतला. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तो एका शब्दावर दिला, त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते. शेवटच्या वर्षाची आठ मुलं घेऊन आम्ही भिंतींवरच्या चिखलाच्या रेघा मोजत फिरलो. एका घरात रेघ धुऊन निघाली होती. आजी म्हणाल्या, “ह्या देवळीपातूर आलं हुतं. दिवा उचलला नि माळ्यावर गेलो.” देवळीच्या कडेला तेलाचा काळा डाग होता, त्याच्या बोटभर वर चिखल. आम्ही देवळीची उंची घेतली. माझ्या मॉडेलनं त्या घरात गुडघाभर पाणी दाखवलं होतं, प्रत्यक्षात ते माझ्या छातीला लागलं असतं. चूक शोधायला आठवडा गेला. उपग्रहाच्या नकाशात त्या गल्लीमागचा रस्त्याचा भराव नीट आलाच नव्हता. पाणी त्याला अडून तुंबलं होतं. बरोबरच्या आठातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तो रस्ता मागच्या वर्षीच उचललाय, आम्ही रोज त्यावरूनच येतो.” ती आता एका उपसा योजनेवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. प्लेसमेंटच्या यादीत तिचं नाव नसेल, कारण तिनं नोकरी परीक्षा देऊन मिळवली.

तेव्हा मागण्या. मोजक्याच आहेत.

पाऊस होता तिथं परत बसवा. तेवढ्या चौकोनात पेव्हर ब्लॉक घालू नका, कुंपण करा. अगदीच नाइलाज असेल आणि जागा बदलायचीच असेल तर मोकळ्यावर बदला. भिंत किंवा झाड जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर राखा, आणि जुन्या-नव्या दोन्ही जागी किमान दोन पावसाळे एकदम मोजा, म्हणजे दोन्ही नोंदी जोडता येतील. जास्तीच्या पर्जन्यमापकाचे पैसे आमची बॅच देईल, तसं बोलणं झालंय.

साडेआठच्या वाचनाचं काम कुणाकडं आहे ते नावानिशी, लेखी ठरवा, सुट्ट्या धरून. मामा अजून करायला तयार आहेत. त्यांना मानधन द्या, आणि ज्या महिन्यांचं दिलं नाही त्याचंही द्या. त्यांनी हे मागितलेलं नाही, मी मागते आहे. त्यांच्या हाताखाली एक तरुण माणूस ठेवा.

खोटी शून्यं भरलेल्या पानांवर ‘नोंद घेतली नाही’ असा शेरा मारून प्राचार्यांनी सही करावी. कुणी भरली याची चौकशी मला नको आहे.

फ्ल्यूम, व्ही-नॉचचे हौद, करंट मीटर आणि लेव्हलिंगची उपकरणं भंगारातून वगळा. हॉल द्यायचाच असेल तर वर्कशॉपच्या शेडमध्ये फ्ल्यूम मांडता येतो. मी मोजून पाहिलंय, बसतो. कॉम्प्युटरची मुलंसुद्धा तिथं येऊ देत. पाण्याच्या पातळीचे सेन्सर त्यांनी बनवावेत आणि फ्ल्यूमवर तपासून बघावेत. याला एखादं चकचकीत इंग्रजी नाव द्यायचं असेल तर खुशाल द्या.

सिव्हिलची निदान एक छोटी तुकडी, ३० मुलांची, चालू ठेवण्याचा मंडळानं फेरविचार करावा. त्याआधी गेल्या पाच वर्षांत सिव्हिलच्या मुलांसाठी प्लेसमेंट विभागानं कुणाकुणाला बोलावलं, याची यादी जाहीर करावी. यादी भरलेली निघाली तर ही मागणी मी मागं घेईन.

या पाच गोष्टींवर लेखी उत्तर मृग निघायच्या आत, ७ जूनपर्यंत द्यावं. प्रवेशाबाबत वेळ लागेल हे समजू शकते. पावसाबाबत लागायचं कारण नाही, तो जिन्याखालून उचलून मागच्या दारी ठेवायचा आहे.

रजिस्टरांची मात्र मला धास्ती आहे. ती लॅबच्या लोखंडी कपाटात आहेत आणि कपाटही विक्रीच्या यादीत आहे. म्हणून येत्या शनिवारी मी स्कॅनर घेऊन येते आहे. आबांचा टेम्पो आहे, बरोबर २०१९ ची ती दोन-तीन मुलं आहेत. प्रत्येक पान स्कॅन करून एक प्रत आपल्याला, एक लायब्ररीला आणि एक ज्याला लागेल त्याला देईन. कपाटाची किल्ली अजून मामांकडंच आहे. फक्त आम्हाला गेटवर अडवू नये, एवढं वॉचमनला सांगून ठेवा. आम्ही साडेआठच्या आत पोचतो.

आपली,
माजी विद्यार्थिनी, सिव्हिल, २०१२